गुण येणारा आजार

आमच्या कोल्हापुरात डॉक्टरची परीक्षा एकाच पेपरावर होते. गुण येतो का? डिग्री कुठली, फी किती, बोलायला कसा आहे, या चौकश्या नंतरच्या. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असं एकदा पेठेत पसरलं की दवाखान्याच्या पायरीवर चपलांचा ढीग लागतो. आणि ‘दोनदा गेलो, काय फरक न्हाई’ असं कुणी मिसळीच्या टेबलावर बोलून गेलं, की त्याच डॉक्टरच्या कंपाउंडरला माश्या मारत बसावं लागतं. मीही याच हिशेबात वाढले. ताप उतरला म्हणजे औषध बरोबर, औषध बरोबर म्हणजे निदान बरोबर. बारावीला जीवशास्त्र शिकवत असूनही या साखळीतली दुसरी कडी किती कच्ची आहे, याचा मी कधी विचार केला नव्हता.

माझ्या मामाच्या डोळ्याला गुण आला. खोटा नाही, अगदी खराखुरा आला. आणि त्या गुणामुळंच वर्ष वाया गेलं.

मामा गुजरीतला, म्हणजे आमच्या सराफबाजारातला कारागीर. दुकान दुसऱ्याचं, हात याचा. कोल्हापुरी साज घडवण्यात त्याची हयात गेली. साजात जाव मण्यांच्या मधेमधे जी पानं असतात, चंद्र, कमळ, कारलं, मासा, शंख, कासव, भुंगा, ती घडवताना मी लहानपणी तासन् तास त्याच्यासमोर बसलेय. पातळ पत्रा ठशात ठोकून पान उठवायचं, त्याला बारीक कडी झाळून घ्यायची, मग पाठीमागच्या पोकळीत लाख भरायची. झाळताना फुंकणीतून ज्योत अशी वळवायची की डाग, म्हणजे जोडाचा धातू, विरघळला पाहिजे आणि पान मात्र तसंच राहिलं पाहिजे. एक फुंकर जादा झाली की माशाचा गोळा होतो. हे काम डोळ्यांचं. हात नंतर येतात. मामा साठी उलटल्यावरही भिंगाशिवाय कडी झाळायचा आणि त्याचा त्याला माज होता, म्हणजे कोल्हापुरी माणसाला असावा तेवढा.

त्याच्या डाव्या डोळ्यापुढं धुरळा यायला लागला. ना लाली, ना ठणका, ना पाणी. नुसता धुरळा आणि त्यात तरंगणारी चिलटं. मोतीबिंदू असेल म्हणून त्यानं अंगावर काढलं. मग नोव्हेंबरातला किरणोत्सव आला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून वर चढतात. मामा दर वर्षी जातो. त्या गर्दीत उभं राहून त्यानं एकेक डोळा झाकून बघितलं. घरी येऊन मामीला म्हणाला, “उजव्यानं देवी दिसती. डाव्यानं नुसता उजेड दिसतोय बघ.”

डोळ्याच्या डॉक्टरांनी त्याला स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवायला लावली, बाहुली मोठी करायचे थेंब घातले, पुन्हा बघितलं आणि सांगितलं, युव्हिआयटिस. डोळ्याच्या भिंतीत तीन थर असतात. त्यांतला मधला, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर म्हणजे युव्हिया. तो सुजला, किंवा त्याच्या शेजारच्या पडद्याला, आतल्या जेलला सूज आली, की पांढऱ्या पेशी रक्तातून सुटून डोळ्याच्या पोकळीत उतरतात. मामाला दिसणारी चिलटं ती हीच. कारणांची यादी लांबलचक. आपल्याकडं क्षयरोग त्यात बराच वर, शिवाय सारकॉइड, टॉक्सोप्लाझ्मा, नागीण, मणक्याचा सांधेदुखीचा आजार. बऱ्याच जणांत तर कारण सापडतच नाही. मग रक्त, छातीचा एक्स-रे, आणि मांटू, म्हणजे क्षयासाठी हातावर सुई टोचून करायची चाचणी. मामाच्या हातावर मांटूचा फोड चांगला रुपयाएवढा आला. आपल्या देशात मोठ्या माणसाचा मांटू पॉझिटिव्ह येणं यात नवल काही नाही, कधी ना कधी क्षयाच्या जंतूशी गाठ पडलेली असतेच. पण यादीतलं एक कारण हाताशी लागलं, आणि डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या आणि सोबत स्टेरॉइड सुरू केलं. यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

गुण आला म्हणजे किती आला? महिन्याच्या आत धुरळा बसला. मामा परत बागेसरीपुढं, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढं. टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्यावरून घरात विनोद झाले. मामीनं डॉक्टरांना पेढे नेऊन दिले. गुजरीतल्या आणखी दोन जणांना मामानं त्याच डॉक्टरांकडं धाडलं. सगळं कसं ठरल्याप्रमाणं.

मग स्टेरॉइडच्या गोळ्या उतरवायला घेतल्या आणि धुरळा परत आला. डोस वाढवला, गेला. कमी केला, आला. मधल्या काळात साखर वाढली, चेहरा गोल झाला, रात्री झोप उडाली. मामा मेडिकलमधून थेंबांची बाटली आपणच आणायला लागला, कारण कुठल्या बाटलीनं बरं वाटतं ते त्याला पाठ झालं होतं. (चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब देणाऱ्या दुकानांबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिथंच संपेल. डोळे आले म्हणून असे थेंब महिनोन् महिने घालून काचबिंदू ओढवून घेतलेली माणसं प्रत्येक डोळ्याच्या डॉक्टरनं बघितलेली असतात.) पुढं उजव्या डोळ्यातही चिलटं आली. तेव्हा मात्र मामाचा माज उतरला. डावा गेला तर उजव्यावर भागेल, हा त्याचा मनातल्या मनात मांडलेला हिशेब मोडला.

आता इथं थोडं जीवशास्त्र सांगते. युव्हिआयटिसमध्ये डोळ्यात तरंगतात त्या पांढऱ्या पेशी, त्यांतल्या पुष्कळशा लिम्फोसाइट. आणि मामाला झाला होता तो लिम्फोमा, म्हणजे त्याच लिम्फोसाइट जातीच्या पेशींचा कर्करोग. काचद्रव (आतलं जेल) आणि दृष्टिपटलाचा (पडद्याचा) लिम्फोमा असं त्याचं पूर्ण नाव, बहुतेक वेळा मोठ्या बी पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराचा. सैनिकच फितूर झालेले, आणि गणवेश तोच. स्लिट लॅम्पच्या उजेडात सूज म्हणून आलेली पेशी आणि कर्करोगाची पेशी, दोन्ही पांढरे ठिपकेच दिसतात. बरं, स्टेरॉइड काय करतं? सूज तर उतरवतंच, शिवाय लिम्फोसाइटना मारतं. म्हणून तर शरीरातल्या इतर लिम्फोमांच्या केमोथेरपीत स्टेरॉइड हे नेमानं दिलं जाणारं औषध आहे. डोळ्यात गेलेलं स्टेरॉइडही या फितूर पेशींपैकी बऱ्याच मारून टाकतं. धुरळा खरोखरच कमी होतो. सगळ्या पेशी मात्र मरत नाहीत, आणि उरतात त्या पुन्हा वाढतात.

म्हणजे ज्या औषधानं निदान पक्कं झालं असं आम्हाला वाटत होतं, ते औषध दोन्ही आजारांत चालतं. दोन्ही कुलपं उघडणाऱ्या किल्लीवरून घर कुणाचं ते कसं ओळखणार? आणि टीबीच्या गोळ्या सोबत चालू असल्यामुळं गुण नेमका कशाचा, हेही कुणाला सांगता येईना.

या प्रकाराला डॉक्टर लोक मास्करेड सिंड्रोम म्हणतात, मास्करेड म्हणजे सोंग. १९६७ साली थिओडोर नावाच्या अमेरिकी नेत्रतज्ज्ञानं डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणातल्या कर्करोगाबद्दल तो शब्द वापरला. महिनोन् महिने डोळे आल्यासारखे लाल, उपचार चाललेले, आणि खाली निघाला कर्करोग. नंतर त्या नावाखाली बरीच मंडळी जमा झाली. मामाच्या निमित्तानं मी त्यांच्याबद्दल वाचत गेले आणि आपल्या घरात, आळीत बोलल्या जाणाऱ्या साध्या साध्या गोष्टी त्या यादीत भेटायला लागल्या.

रांजणवाडी घ्या. तळहातावर बोट घासून गरम करायचं आणि शेकायचं, हा आजीपासून चालत आलेला इलाज. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तरी तेवढं पुरतं, असं आपण धरून चालतो आणि ते फारसं चूक नाही. पण पापणीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्यांचाही कर्करोग होतो. गोऱ्या लोकांच्या देशांत तो दुर्मीळ, आपल्याकडं पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा. तो अगदी रांजणवाडीच्या गाठीसारखा दिसतो, नाहीतर एकाच डोळ्याची पापणी कायम लाल, खपलीची, चिकट राहते. उतारवयातल्या माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथल्या पापणीचे केस झडत असतील, तर काढलेली गाठ कचऱ्याच्या बादलीत जाता कामा नये. ती लॅबमध्ये गेली पाहिजे. एवढं एक वाक्य या लेखातून कुणाच्या लक्षात राहिलं तरी मला पुष्कळ.

‘डोळ्यात मांस वाढलंय’ हे उसाच्या फडात, रस्त्याच्या कामावर, उन्हात आयुष्य काढलेल्यांकडून आपण नेहमी ऐकतो. ते बहुधा साधंच असतं. पण त्याच जागी, बुबुळाच्या कडेला, पांढुरका, खडबडीत, रक्तवाहिन्यांनी वेढलेला उंचवटा आला तर तो आवरणाचा कर्करोग असू शकतो. ऊन हे त्याचं एक कारण. तरुण माणसात तो दिसला तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सांगतात, आणि घरच्यांनी त्यावर रागावू नये.

आणि मग लहान मुलं. रेटिनोब्लास्टोमा हा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा डोळ्याचा कर्करोग. बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक, ही त्याची ओळखीची खूण. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो. पण काही मुलांत तो गाठ न होता पडद्यात पसरत जातो आणि पेशी डोळ्याच्या पुढच्या भागात खाली साचतात, पू झाल्यासारख्या. कधी पापण्यांसकट डोळा सुजून येतो. मग सगळ्यांना वाटतं जंतुसंसर्ग. यात धोका असा की संसर्ग समजून कुणी सुई घालून ते पाणी काढलं, तर त्या छिद्रातून कर्करोग डोळ्याबाहेर पसरू शकतो. म्हणून लहान मुलाच्या अशा डोळ्याला आधी सोनोग्राफी, आधी नीट तपासणी, सुई नाही. मामाच्या बाबतीत नियम नेमका उलटा होता. तिथं सुई घातल्याशिवाय, आतलं काढल्याशिवाय काही कळणारच नव्हतं. नाव एक, सोंग एक, आणि वागायचं मात्र एकदम उलट.

आमच्या गल्लीत पूर्वी बहुरूपी यायचा. खाकी कपडे, हातात काठी, दारात उभा राहून वॉरंट काढल्याचं सांगायचा. आजी घाबरल्याचं नाटक करायची. थोड्या वेळानं तोच हसायचा, टोपी काढायचा आणि सुपातलं धान्य घेऊन जायचा. बहुरूप्याला ओळखलं जायलाच हवं असतं, त्यावर त्याचं पोट असतं. डोळ्यातला हा बहुरूपी टोपी काढत नाही. त्याला आपण होऊन ओळखावं लागतं, आणि ओळखण्यासाठी त्याच्याकडं बघत राहायला वेळ लागतो.

तो वेळ मामीच्या पिशवीत होता. सराफाच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी, बंद तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली. मामी शाळेत फार गेलेली नाही, पण कागद टाकायचा नाही हा तिचा नियम. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, ओसीटीचे, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनचे फोटो, आणि मेडिकलची झाडून सगळी बिलं. उजवा डोळा बिघडल्यावर आम्ही रेटिना बघणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो, तरुण बाई, कोल्हापुरातच. त्यांनी मामाला तपासलं, आणि मग जे केलं ते मी त्याआधी कुठल्या दवाखान्यात बघितलं नव्हतं. बाहेर पेशंटांची रांग असताना त्यांनी ती पिशवी टेबलावर उपडी केली आणि मेडिकलची बिलं तारखेप्रमाणं लावायला घेतली. एका लेटरहेडच्या पाठीवर स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोस लिहीत गेल्या, त्याखाली त्या त्या तारखेला डाव्या डोळ्यानं तक्त्यावरची कितवी ओळ वाचली ते. डोस खाली उतरला की ओळ वर सरकलेली. मोठी अक्षरं. दर वेळी. टीबीच्या गोळ्या मात्र सगळीकडं सारख्या चालू.

“टीबी असता तर एव्हाना या गोळ्यांनी काहीतरी केलं असतं,” त्या म्हणाल्या. “आणि साठीच्या पुढं आयुष्यात पहिल्यांदा युव्हिआयटिस झाला, डोळा पांढराशुभ्र, दुखत नाही, हे मला बरं वाटत नाही.” मग त्यांनी ओसीटीच्या फोटोत पडद्याच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे दाखवले. आत एवढ्या पेशी असून पडद्याच्या मध्यावर पाणी साठलेलं नाही, तेही त्यांनी दाखवलं. खऱ्या सुजेत ते पुष्कळदा साठतं. मला त्या वेळी निम्मंच कळलं. मामाला काहीच कळलं नाही, पण बाईंनी बिलं लावली याचं त्याला फार कौतुक वाटलं. रस्त्यात म्हणाला, “कामाची बाई हाय. डाग कुठं सुटलाय ते शोधत हुती.”

पुढचं सांगणं जास्त अवघड होतं. बाई म्हणाल्या, डोळ्यातल्या जेलचा नमुना घ्यावा लागेल, आणि त्याआधी स्टेरॉइड बंद करावं लागेल. एकदम नाही, हिशेबानं उतरवत, माझ्या देखरेखीखाली. (हे मुद्दाम लिहिते. अंगात महिनोन् महिने मुरलेलं स्टेरॉइड कुणी वाचून आपल्या मनानं बंद करू नये, जिवावर बेतू शकतं.) कारण सरळ आहे. स्टेरॉइड चालू असताना नमुना काढला तर फितूर पेशी मेलेल्या, विरघळलेल्या निघतात आणि उरतात त्या साध्या. रिपोर्ट येतो सूज. मग तोच कागद दाखवून वर्षभर तोच इलाज चालतो.

ते दिवस आमच्या घरानं कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. ज्या गोळीनं दिसतं ती मुद्दाम कमी करत जायची. माणूस आपल्यासमोर आंधळा होत चाललाय आणि सगळे जण त्याची वाट बघत बसलेत. मामी रोज सकाळी कॅलेंडर समोर धरायची. आधी तारखा दिसेनाशा झाल्या, मग वार, मग वरचा गणपती. मामाला जिना उतरताना हात धरावा लागायचा आणि तो हात झटकायचा. शेजारपाजारचे यायचे आणि स्वच्छ विचारायचे, “औषध बंद करायला सांगणारा डॉक्टर कसला?” गुजरीतल्या एका शहाण्यानं तर बाटलीच आणून दिली, पहिल्या डॉक्टरांच्या थेंबांची. “दोन थेंब टाक, कुणाला कळतंय?” मामानं ती बाटली बागेसरीच्या फळीवर ठेवली. दोन दिवस ती तिथंच होती. मामेबहीण, जी एरवी एका वाक्यात चार शिव्या घालते, ती एक शब्द न बोलता बाटली उचलून मोरीत ओतून आली. “आता बोंबला,” एवढंच म्हणाली. “पुण्याला मीच घेऊन जातो त्याला.”

त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की आजार बघायचा असेल तर त्याला दिसू द्यावं लागतं. पुस्तकात हे मी किती वेळा शिकवलं असेल. कॅलेंडरावरचा गणपती पुसट होताना बघणं निराळं.

नमुना पुण्याला घेतला. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक छिद्रं पाडून काचद्रव काढतात. पहिला भाग त्यात सलाइन मिसळण्याआधी काढून घेतात, कारण पातळ झालेल्या नमुन्यात शोधायचं ते हरवतं. या पेशी इतक्या नाजूक, की लॅबमध्ये पोचायला उशीर झाला तर वाटेतच मोडतात. म्हणून ऑपरेशन ठरवतानाच पॅथॉलॉजिस्टला सांगून ठेवलेलं असतं. आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा एक मुलगा थर्मोकोलचा लहान डबा छातीशी धरून जिन्यानं अक्षरशः पळत गेला. तो मामाचा होता का कुणास ठाऊक. बहीण म्हणाली, “आपलाच असणार. पळतोय म्हणजे आपलाच.”

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी थोड्याच मिळाल्या. मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकाच्या, आजूबाजूला मेलेल्यांचा कचरा. तेवढ्यावर ठाम बोलणं कठीण, म्हणून आणखी दोन कसोट्या लावतात. लिम्फोमाच्या बी पेशी इंटरल्युकिन-१० नावाचं रसायन जास्त सोडतात. सुजेत इंटरल्युकिन-६ चढलेलं असतं. दहाचं प्रमाण सहापेक्षा जास्त निघालं तर संशय बळावतो. शिवाय एमवायडी८८ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बदल या लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत सापडतो. मामाच्या नमुन्यात तिन्ही बोटं एकाच दिशेला वळली. अनेकांच्या बाबतीत तेवढं नशीब नसतं, नमुना दोनदा, तीनदा घ्यावा लागतो.

निदान कळल्यावर घरात रडारड होईल असं मला वाटलं होतं. मामीनं आधी विचारलं, “म्हंजे टीबी न्हाई न्हवं?” टीबीचं तिला फार होतं. लोकांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं होतं, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

मग मेंदूचा एमआरआय, पाठीतलं पाणी. हा लिम्फोमा डोळ्याचा म्हटला तरी त्याचं सगळं गोत मेंदूशी. डोळा आणि मेंदू, दोन्ही शरीरापासून जरा फटकून राहणारे अवयव. रक्ततपासणीत, पोटाच्या स्कॅनमध्ये हा आजार दिसत नाही तो त्यामुळंच. निम्म्याहून जास्त रुग्णांत आज ना उद्या मेंदूतही तो उगवतो. कधी मेंदूत आधी सापडतो आणि डोळा नंतर. मामाचा एमआरआय स्वच्छ आला.

इलाज काय, तर मेथोट्रेक्सेट. डोळ्यात सुईनं, ४०० मायक्रोग्रॅम, एका मिलिलिटरच्या दहाव्या भागात. आधी आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला, मग महिन्याला. ही इंजेक्शनं कोल्हापुरातच त्या बाईंनी दिली. बुबुळाची साल निघाल्यासारखी आग व्हायची, तो त्या औषधाचा ओळखीचा दोष. गंमत अशी की शेजारच्या काकू संधिवातासाठी आठवड्याला मेथोट्रेक्सेटचीच गोळी घेतात, आणि तेच औषध युव्हिआयटिससाठीही वापरतात. काकूंना हे कळल्यावर त्यांनी धसकाच घेतला, आपल्यालाही कॅन्सर आहे आणि डॉक्टर सांगत नाहीत. त्यांची समजूत घालण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

मला लोक विचारतात, पहिल्या डॉक्टरवर केस का केली नाही? विचारणाऱ्यांत तेही आहेत ज्यांनी त्याच डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणून गावभर सांगितलं होतं. माझं मत स्वच्छ आहे. युव्हिआयटिसचे पेशंट त्यांच्याकडं कायम येत असणार, आणि या लिम्फोमाचा एखादा अख्ख्या कारकिर्दीत आला तर आला. पहिल्या भेटीत प्रत्येकाच्या डोळ्यात सुई घालणारा डॉक्टर मला नको. राग आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळचा. डोस उतरवला की बिघडतं, हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी मागची पानं उलटायला हवी होती. त्यांनी उलटली नाहीत, कारण दर वेळी गुण येत होता. आणि आम्हीही दर वेळी तेच सांगत होतो, “डॉक्टर, आता बरं आहे.” आम्ही पेढे दिले होते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांबद्दल. एकाचा गुण येईना की आपण दुसऱ्याकडं जातो आणि जाताना जुने कागद मुद्दाम घरी ठेवतो. नव्या डॉक्टरनं कोऱ्या मनानं बघावं म्हणून. जुन्याचा राग येऊ नये म्हणूनही. मग नव्याला दिसतो तो पहिला झटका. तो पहिल्या झटक्याचं औषध देतो, गुण येतो, आणि गाडी परत पहिल्या स्टँडवर. हा आजार एका दिवसाच्या तपासणीत सापडत नाही, तो सापडतो तारखांमध्ये. मामीनं पिशवी नेली नसती तर त्या बाईही कदाचित थेंबच लिहून देत्या. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. “शक्य आहे,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सध्या मामाचे दोन्ही डोळे शांत आहेत. डाव्यानं जेमतेम, उजव्यानं बऱ्यापैकी दिसतं. झाळायचं काम सुटलं. दुकानात बसून तो आता पोरांना ठसे शिकवतो आणि त्यांच्या कडीत खोड काढतो, बोटाच्या टोकानं चाचपून. दर काही महिन्यांनी एमआरआय. मधल्या काळात मामीची पाळत असते. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, विसरायला लागले, बोलताना अडखळायला लागले, चालताना तोल गेला तर लगेच या. तेव्हापासून मामा चष्मा कुठं ठेवला म्हणाला तरी मामी हातातलं टाकून त्याच्या तोंडाकडं बघत राहते.

आणि माझा मामा हा असा. गेल्या रविवारी नातवानं साजातलं एक पान उचलून विचारलं, “आजोबा, ह्ये काय?” समोर ढळढळीत शंख. मामा बराच वेळ विचार करून म्हणाला, “कासव.” मामीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. “नीट बघा की हो,” ती म्हणाली. “मासा असंल मग,” मामा म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. मामीनं कप आपटला, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “पुढच्या एमआरआयला त्या मशिनवाल्याला सांगतो मी, ह्यास्नी आत घाला आन् चार दिवस बाहीर काढू नका.”